भिंतीतून निघालेले क्रूस

नॉर्थ यॉर्कशरमध्ये पिकरिंग नावाचे बाजाराचे गाव आहे. तिथून थर्स्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडे पुढे गेले की मिडलटन हे लहान खेडे लागते. तिथल्या सेंट अँड्र्यू चर्चच्या मनोऱ्याचा खालचा भाग अँग्लो-सॅक्सन काळातला, म्हणजे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वीचा आहे. १९४८ साली या मनोऱ्याच्या भिंतीतून काही कोरीव दगड बाहेर काढण्यात आले. शेकडो वर्षे ते बांधकामाच्या साध्या दगडांसारखे तिथे बसवलेले होते. आता ते चर्चच्या आत मांडून ठेवले आहेत. त्यांतला सर्वांत गाजलेला क्रूस जेमतेम मीटरभर उंचीचा आहे. त्याच्या आडव्या-उभ्या भुजा एका वलयाने जोडल्या आहेत आणि खालच्या खांबाच्या दर्शनी बाजूवर एक माणूस कोरला आहे. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, कमरेला आडवा खोचलेला मोठा सुरा, शेजारी भाला, ढाल, तलवार आणि कुऱ्हाड. पाय विलक्षण आखूड. दगडाच्या मागच्या बाजूला एक लांबलचक श्वापद पट्ट्यांच्या वेटोळ्यांत बांधले गेले आहे.

दगड सापडल्यानंतरच्या दशकात काही अभ्यासकांनी या माणसाचा अर्थ लावला तो असा: हा व्हायकिंग योद्धा आहे, मेलेला आहे, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे हत्यारांसह थडग्यात निजवलेला आहे. म्हणजे नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या, आणि तेही नावापुरत्याच, लोकांनी क्रूसावर आपले मूर्तिपूजक दफन कोरून ठेवले. हा अर्थ लोकांना आवडला. समुद्रावरून आलेल्या रानटी लुटारूंचे जे चित्र सर्वांच्या मनात होते, त्यात तो चपखल बसत होता. पुढे १९७३ साली अभ्यासक जेम्स लँग यांनी मिडलटनच्या आसपासच्या राइडेल भागातल्या क्रूसांचा नव्याने विचार केला आणि या माणसाच्या खांद्यांवरच्या दोन छोट्या गोळ्यांकडे लक्ष वेधले. ते गोळे म्हणजे आसनाच्या पाठीच्या खुंटांची टोके आहेत, माणूस निजलेला नाही, बसलेला आहे, आणि समोरून बसलेला माणूस कोरायचा म्हटले की पाय आखूडच दिसणार, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे थडग्यातला योद्धा एकदम आसनावरचा सरदार झाला, आपल्या माणसांना देणग्या देणारा, हत्यारे मिरवणारा, हयात असताना जसा दिसावा असे त्याला वाटे तसा दाखवलेला. दोन गोळ्यांवरून एका समाजाविषयीचे मत बदलले.

हे पुस्तक लिहावेसे वाटले त्याचे मूळ या दोन गोळ्यांत आहे. इंग्लंडमधल्या आरंभीच्या मध्ययुगातले दगडी क्रूस म्हटले की चर्चा दोन-चार भव्य स्मारकांभोवती फिरते आणि मिडलटनसारख्या खेड्यांतले ओबडधोबड दगड 'ऱ्हासकाळातली कामे' म्हणून तळटिपेत जातात. मला हे मान्य नाही. परक्या मुलखात आलेली माणसे दोन-तीन पिढ्यांत तिथली गावकरी कशी झाली, जमीन, देव आणि मान-मरातब यांची सांगड त्यांनी कशी घातली, याबद्दल लेखी कागद जवळजवळ गप्प आहेत. जे काही सांगायचे ते या खेड्यातल्या दगडांनीच सांगितले आहे.

विषय नवा असलेल्या वाचकासाठी आधी वस्तूची ओळख. हे क्रूस म्हणजे चर्चच्या वेदीवरचा, येशूची मूर्ती असलेला लहान क्रूस नव्हे. हे उघड्यावर उभे केलेले दगडी खांब: खाली बैठक, मधे चार बाजूंनी कोरलेला आणि वर निमुळता होत गेलेला दांडा, आणि माथ्यावर क्रूसाचे डोके. कधी सगळा एकच अखंड दगड, कधी दोन-तीन दगड खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. ते कशासाठी उभारले, याला एकच उत्तर नाही. काही मृतांची स्मारके होती आणि त्यांच्यावर मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा अशी विनंती कोरलेली आहे. काही मठाच्या आवारातली चिंतनाची आणि उपासनेची ठिकाणे असावीत. ज्या वस्तीत चर्च नव्हते तिथे क्रूसाखाली लोक जमत आणि धर्मोपदेशक बोलत, हे इंग्रजी गाइडबुकांचे आवडते स्पष्टीकरण काही ठिकाणी खरे असेल, पण ते सरसकट सर्वांना लावणे बरोबर नाही.

या परंपरेचा उगम नॉर्थम्ब्रियात, म्हणजे हंबर नदीच्या उत्तरेच्या अँग्लियन राज्यात. तिथला राजा एडविन याने ६२७ साली यॉर्कमध्ये बाप्तिस्मा घेतला. तो पडल्यावर राज्य डळमळले, आणि काही वर्षांनी ऑस्वाल्ड राजाने हेवनफील्ड इथे लढाईआधी आपल्या हातांनी धरून एक क्रूस उभा केला. ही हकीकत बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. तो क्रूस लाकडी होता. लोक त्याच्या ढलप्या काढून पाण्यात टाकत आणि ते पाणी आजाऱ्यांना देत, असेही बीड सांगतो. त्या भागातला तो पहिलाच ख्रिस्ती चिन्हस्तंभ, असे त्याचे म्हणणे. लाकडाकडून दगडाकडे जायला पुढची काही दशके लागली. बेनेडिक्ट बिस्कप या उमरावाने ६७४ साली मंकवेअरमथचा मठ स्थापन केला तेव्हा दगडी बांधकाम जाणणारे कारागीर त्याला गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आणावे लागले. ब्रिटनमध्ये रोमन लोकांच्या पडक्या इमारती जागोजाग होत्या, दगडही घडवलेला तयार होता, पण दगड घडवण्याची विद्या स्थानिकांच्या हातून गेली होती. ती परत आली आणि शंभर वर्षांच्या आत तिने युरोपात जोड नसलेली कामे केली.

त्यांतली दोन नावे प्रत्येक वाचकाला भेटतील. पहिले रथवेल. आज ते स्कॉटलंडमध्ये आहे, तेव्हा ते नॉर्थम्ब्रियात होते. आठव्या शतकातला हा सुमारे साडेपाच मीटर उंचीचा क्रूस. त्याच्या रुंद बाजूंवर बायबलमधले प्रसंग आणि कडेने लॅटिन मजकूर, अरुंद बाजूंवर फळे टिपणाऱ्या पशुपक्ष्यांनी भरलेली द्राक्षवेल आणि तिच्या कडेने रून लिपीत जुन्या इंग्रजीतले काव्य. त्यात बोलणारा आहे स्वतः क्रूस, ज्या झाडावर येशूला चढवले ते झाड. जॉन मिचेल केंबल यांनी १८४० च्या सुमारास हा मजकूर कविता म्हणून वाचला आणि लवकरच इटलीतल्या वेर्चेल्ली इथल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात त्या काव्याचे मोठे रूप असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दगड आणि चर्मपत्र यांच्यात कित्येक पिढ्यांचे अंतर, आणि शब्द तेच. सतराव्या शतकात स्कॉटिश चर्चच्या महासभेच्या आदेशावरून हा क्रूस मूर्तिपूजेचे साधन म्हणून पाडला गेला. १८२३ साली हेन्री डंकन या धर्मगुरूंनी त्याचे तुकडे गोळा करून आपल्या आवारात तो पुन्हा उभा केला. १८८७ साली क्रूस चर्चमध्ये आणला तेव्हा तो छताला लागू नये म्हणून त्याच्याकरता फरशीच्या खाली जागा खोल करावी लागली.

दुसरे ब्यूकासल, कंब्रियातल्या उजाड माळरानावर. त्याचे डोके गेले आहे, पण खांब जिथे प्रथम उभा केला तिथेच, रोमन किल्ल्याच्या आवारात, अजून आहे. त्यावर येशू आहे, द्राक्षवेल आहे, सूर्यघटिका आहे, आणि सर्वांत खाली हातावर पक्षी घेतलेला एक माणूस आहे. हा गरुडासह संत योहान, की ससाणा बाळगणारा कोणी उमराव? शंभर वर्षांहून अधिक काळ यावर वाद चालू आहे. मिडलटनच्या माणसाविषयी पडलेला प्रश्न इथेही पडतो, म्हणून या पुस्तकात दोघांना शेजारी बसवले आहे.

मर्सिया या दक्षिणेकडच्या राज्यातही क्रूस झाले. चेशरमधल्या सँडबाक गावच्या बाजारचौकातले दोन क्रूस नवव्या शतकातले. ते फोडले गेले, तुकडे पांगले, आणि १८१६ साली पुन्हा जुळवले गेले. डर्बीशरमधले बेकवेल आणि ईअम इथले क्रूसही पाहण्यासारखे आहेत. मात्र आपल्या विषयाचा गाभा उत्तरेत आहे, म्हणून मर्सियावर मी फार रेंगाळलेलो नाही.

७९३ साली लिंडिस्फार्नच्या मठावर समुद्री हल्ला झाला. ८६६ साली डेन लोकांच्या मोठ्या सैन्याने यॉर्क घेतले. ८७६ साली त्यांचा नायक हाफ्डान याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली आणि ते नांगर धरून पोट भरू लागले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे. यॉर्कचा शेवटचा स्कँडिनेव्हियन राजा ९५४ मध्ये गेला. एवढ्या उलथापालथीत क्रूस कोरण्याची कला मरून जायला हवी होती, असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. यॉर्कशरमध्ये आज जे कोरीव दगड शिल्लक आहेत, त्यांतला फार मोठा भाग या सैन्याच्या वस्तीनंतरचा आहे. बदलली ती ठिकाणे आणि खर्च करणारे हात. आधी क्रूस मुख्यतः मठांत असत आणि त्यांवर संतांच्या आणि ग्रंथांच्या ओळखी असत. आता ते गावोगावच्या दफनभूमींत दिसू लागले, आणि त्यांवर घोडेस्वार, शिकारी, हत्यारबंद माणसे आली. नव्या जमीनमालकांना आपली आणि आपल्या बापजाद्यांची आठवण दगडात हवी होती, आणि ती ज्या रूपात हवी होती ते रूप त्यांनी हरलेल्यांकडून उचलले. स्कँडिनेव्हियात त्या काळी दगडी क्रूसांची अशी परंपरा नव्हती. वलय जोडलेले क्रूसाचे डोके आयर्लंड आणि पश्चिम किनाऱ्याकडून आले, बांधलेले लांबट श्वापद डेन्मार्कच्या अभिरुचीचे, आणि क्रूस उभा करण्याची कल्पना मात्र अँग्लियन. एका लहान दगडावर तीन मुलखांची माणसे भेटतात.

या मिश्रणाचा सर्वांत धीट नमुना कंब्रियातल्या गॉसफर्थ गावात आहे. सेंट मेरी चर्चच्या आवारात तांबड्या वालुकाश्माचा सुमारे साडेचार मीटर उंच, सडपातळ क्रूस दहाव्या शतकापासून उभा आहे. खालचा भाग गोल, वरचा चौकोनी. त्यावर एका बाजूला येशूचे क्रूसारोहण आहे. बाकी बाजूंवर नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन, देवकथा आहेत. बांधून घातलेला लोकी, त्याच्या तोंडावर पडणारे सापाचे विष भांड्यात झेलणारी त्याची बायको सिगिन, लांडग्याचा जबडा फाडणारा देव विदार. जुन्या देवांच्या जगाचा शेवट आणि नव्या देवाचे मरण, दोन्ही एकाच खांबावर. डॉ. चार्ल्स पार्कर यांनी १८८० च्या दशकात यावरची दगडफुले घासून काढली तेव्हा यातले काही प्रसंग प्रथम स्पष्ट दिसले. हे शिल्प धर्मांतर अर्धवट राहिल्याची खूण आहे, असे पूर्वी म्हणत. अभ्यासक रिचर्ड बेली यांचे म्हणणे वेगळे: ज्याने हे योजले त्याला दोन्ही कथा पक्क्या माहीत होत्या आणि एकीच्या उजेडात दुसरी वाचली जावी म्हणून त्याने त्या मुद्दाम समोरासमोर ठेवल्या. मला बेलींचे म्हणणे पटते. क्रूसारोहणाच्या खाली भांडे धरून उभी असलेली, केसांची गाठ मारलेली, पायघोळ वस्त्रातली बाई एकाच वेळी मेरी मॅग्डलीनसारखी आणि नॉर्स कथांतल्या वाल्किरीसारखी दिसते. इतका नेमका दुहेरी अर्थ अपघाताने साधत नाही.

असे मिश्रण इतरत्रही दिसते. लीड्सच्या क्रूसावर संतांच्या सोबत उडणारा लोहार वेलंड आहे, लँकाशरमधल्या हॅल्टनला नॉर्स कथांतला वीर सिगुर्ड याची कथा आहे. यॉर्कशरमधल्या ब्रॉम्प्टनच्या चर्चमध्ये १८६७ सालच्या दुरुस्तीत पाठ फुगीर असलेले, घराच्या छपरासारखे कोरलेले थडग्यांवरचे दगड निघाले, त्यांच्या दोन्ही टोकांना अस्वले मिठी मारून बसली आहेत. 'हॉगबॅक' या नावाने ओळखले जाणारे हे दगड इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचा स्वतःचा शोध आहेत, त्यांच्या मायदेशात ते सापडत नाहीत.

मिडलटन मात्र गॉसफर्थसारखे विद्वान नाही, आणि मला ते त्यामुळेच महत्त्वाचे वाटते. राइडेलच्या या पट्ट्यात, नॉर्थ यॉर्क मूर्सच्या दक्षिण पायथ्याशी, जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदले. थोड्या अंतरावरच्या लास्टिंगमला केड या संताने सातव्या शतकात मठ बसवला. तिथली हकीकत बीडने लिहिली आहे आणि तिथल्या तळघरात प्रचंड क्रूसांचे तुकडे आहेत. दुसऱ्या दिशेला कर्कडेलचे चर्च. तिथल्या सूर्यघटिकेवरच्या लेखात गामालचा मुलगा ऑर्म सांगतो, की सेंट ग्रेगरीचे पडझड झालेले चर्च आपण विकत घेतले आणि पायापासून नवे बांधले. काळ एडवर्ड राजाचा, म्हणजे नॉर्मन विजयाच्या तोंडावरचा. ऑर्म आणि गामाल ही नावे नॉर्स, लेखाची भाषा इंग्रजी, काम चर्चचे. मिडलटनचा सरदार काळाच्या दृष्टीने लास्टिंगमच्या मठवाशांच्या आणि कर्कडेलच्या ऑर्मच्या मधे बसतो. मिडलटनच्याच चर्चमधल्या दुसऱ्या एका क्रूसावर भालाधारी शिकारी, कुत्री आणि हरिण आहे. श्वापदाच्या त्याच धाटणीच्या आकृती एलरबर्न, लेव्हिशम, सिनिंग्टन या शेजारच्या खेड्यांतही दिसतात. म्हणजे एक-दोन कार्यशाळा होत्या, त्यांचे गिऱ्हाईक आसपासचे जमीनमालक, आणि पाथरवट हाकेच्या अंतरावरचे. त्यांच्या हातात रथवेलची सफाई नव्हती, पण आपल्या माणसाला काय हवे ते त्यांना कळत होते.

पाथरवटाच्या कामाविषयी आता बरेच ठामपणे बोलता येते. दगडावर आधी चौकटींची जाळी आखत, गाठींची जागा ठरवत, मग टाकी आणि छिन्नीने भोवतालची जमीन उतरवत. बेलींनी दाखवून दिले की निरनिराळ्या दगडांवरच्या आकृती मापाला माप जुळतात, कारण त्या एकाच कापलेल्या नमुन्यावरून गिरवल्या होत्या. त्यामुळे कुठले दगड एका कार्यशाळेचे ते सांगता येते. आणि आज करडे-तपकिरी दिसणारे हे दगड रंगवलेले होते. पांढरा लेप देऊन त्यावर लाल, काळा आणि इतर रंग भरत. लिचफील्डच्या कॅथेड्रलमध्ये २००३ साली सापडलेल्या दगडी देवदूतावर रंग इतका टिकला आहे की शंका उरत नाही. मिडलटनच्या माणसाचे नाकडोळे आज अगदी बेताचे वाटतात. बारकावे कुंचल्यावर सोपवून पाथरवट मोकळा झाला असणार. रंग उडालेल्या दगडाला ओबडधोबड म्हणून नाके मुरडणे हा त्या कारागिरावर अन्याय आहे.

मग हे क्रूस भिंतीत कसे गेले? नॉर्मन राजवटीत जुनी चर्चे पाडून नवी बांधण्याची लाट आली. क्रूसांची आठवण ज्यांना होती त्या घराण्यांच्या जमिनी गेल्या होत्या. पाडलेला क्रूस हा आयता घडवलेला, काटकोनात बसणारा दगड. तो पायात, दारावर, मनोऱ्यात गेला. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या धर्मसुधारणेने उरलेल्यांवर घण घातले. नॉर्थम्बरलंडमधल्या रॉथबरीला एका अप्रतिम क्रूसाचा दांडा बाप्तिस्म्याच्या पात्राखालची बैठक होऊन वाचला. ईझ्बीचा क्रूस चर्चच्या भिंतीत होता, त्याचे तुकडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जे उघड्यावर राहिले ते पावसाने आणि धुराने झिजले, जे भिंतीत गाडले गेले त्यांच्या कडा अजून धारदार आहेत. एकोणिसाव्या शतकात गावोगाव चर्चच्या दुरुस्त्या निघाल्या आणि दगड बाहेर येऊ लागले. लीड्सला १८३८ मध्ये जुने चर्च पाडताना सापडलेला क्रूस वास्तुविशारदाने स्वतःच्या घरी नेला होता, तो पुढे परत मिळवावा लागला. ननबर्नहोमचा क्रूस १८७२ च्या सुमारास भिंतीतून निघाला, आणि त्याचे दोन भाग उलट्या तोंडांनी जोडले गेल्याचे शंभर वर्षांनी एका अभ्यासकाने दाखवले.

अभ्यासाचा इतिहासही इथूनच सुरू होतो. पहिली पिढी हौशी पुराणवस्तुप्रेमींची, बहुतेक धर्मगुरू आणि डॉक्टर. त्यांनी रेखाचित्रे केली, ठसे घेतले, आणि अनेक दगड रस्त्याच्या खडीत जाण्यापासून वाचवले. त्यांच्या मागून अभ्यासाचा पहिला प्रवाह, नक्षीचे प्रकार लावण्याचा, घेऊन आले डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड. चित्रकार, रस्किनचे सहायक, नॉर्स साहित्याचे जाणकार. १९२७ साली त्यांचा नॉर्थम्ब्रियन क्रूसांवरचा ग्रंथ निघाला. स्वतःच्या हाताने काढलेल्या शेकडो चित्रांतून त्यांनी नक्षीचे प्रकार लावले आणि एक क्रम रचला: आधी शुद्ध, मग मिश्र, मग बिघडलेले. त्यांची चित्रे आजही उपयोगी पडतात. त्यांच्या क्रमात मात्र उत्तम काम जुने आणि सामान्य काम उशिराचे, असे गृहीत धरलेले होते. मिडलटनच्या वाट्याला आलेली उपेक्षा याच गृहीतकाची देणगी.

दुसरा प्रवाह प्रतिमांचा अर्थ लावणाऱ्यांचा. १९४० च्या दशकात फ्रिट्झ साक्सल आणि मायर शापिरो यांनी रथवेलच्या प्रतिमा उपासना आणि मठजीवनाच्या संदर्भात वाचल्या. एमन ओ कॅरेगन यांनी २००५ साली त्या काळच्या प्रार्थनाविधींशी त्याच दगडाची सविस्तर सांगड घातली. तिसरा प्रवाह नोंदीचा, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ. डरहॅम विद्यापीठाच्या प्राध्यापक रोझमेरी क्रॅम्प यांनी अँग्लो-सॅक्सन दगडी शिल्पांचा संपूर्ण कोश हाती घेतला. पहिला खंड १९८४ साली आला. प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक बाजूचे छायाचित्र, माप, दगडाची जात, सापडल्याची हकीकत. मिडलटन लँग यांच्या १९९१ च्या खंडात आहे. सुंदर आणि कुरूप यांना तिथे सारखीच जागा मिळाली, आणि त्यामुळेच पुढची पिढी खेड्यांकडे वळली: कुठल्या चर्चमध्ये किती दगड, ते कोणी उभारले असतील, दगड कुठल्या खाणीचा की रोमन भिंतीचा. अलीकडे फ्रेड ऑर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रथवेल आणि ब्यूकासलच्या खांबांना सरसकट 'क्रूस' म्हणणेसुद्धा तपासले पाहिजे, असा आग्रह धरला आहे. तो मला थोडा ताणलेला वाटतो, पण त्याने डोळे उघडतात हे खरे.

हे सगळे आजच का वाचायचे? पहिले कारण घाईचे आहे. इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चचे उपासक घटत आहेत, काही चर्चे बंद होत आहेत, आणि या दगडांची राखण आजवर करत आले ते गावातले मूठभर वयस्क स्वयंसेवक. ऊनपावसाने झिजणाऱ्या दगडांची त्रिमिती मोजणी सुरू झाली आहे, तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे नवे तपशील दाखवत आहेत. पण मोजणी ही राखण नव्हे. दुसरे कारण विचाराचे. व्हायकिंग लोकांचे शुद्ध रक्त, शुद्ध धर्म, शुद्ध शौर्य यांच्या गोष्टी आज जोरात सांगितल्या जातात. त्यांच्याविरुद्ध मिडलटनचा दगड हा माझ्या माहितीतला सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्या माणसाने आपली कुऱ्हाड सोडली नाही आणि तरी तो क्रूसाच्या छायेत बसला. त्याला ही विसंगती वाटत नव्हती, म्हणूनच आपल्याला तिचा विचार करावा लागतो.

मराठी वाचकाच्या मनात वीरगळ येणार, हे मी धरून चाललो आहे. देवळाच्या आवारात किंवा शिवारात उभा असलेला, हत्यारबंद वीर कोरलेला दगड आपल्याकडे ओळखीचा आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह मी टाळला आहे. मात्र वीरगळ पाहताना जे प्रश्न आपण विचारतो, हा दगड कोणी दिला, कोणासाठी, खाणीपासून इथवर कसा आला, मूळ जागा कुठली, ते इथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. म्हणून हे पुस्तक मराठीत लिहिताना परकेपणा मला कमीच जाणवला.

या पुस्तकात इंग्लंडमधल्या सर्व क्रूसांची यादी सापडणार नाही. त्यासाठी कोश आहे, आणि त्याचे खंड आंतरजालावर खुले आहेत. इथे मोजके दगड घेतले आहेत आणि प्रत्येकाजवळ बराच वेळ थांबलो आहे. सुरुवात मिडलटनपासून केली आहे, रथवेलपासून नाही. वाचकाने आधी साध्या दगडाला प्रश्न विचारायला शिकावे आणि मग भव्य दगडापुढे उभे राहावे, असा हेतू. ज्या ठिकाणी अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू मांडून माझे मत वेगळे नोंदवले आहे. रून लेखांचे लिप्यंतर देवनागरीत दिले आहे. चित्रांबाबत एकच आग्रह धरला: प्रत्येक दगडाच्या चारही बाजू दाखवायच्या. मिडलटनच्या माणसाचे छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापले जाते, त्याच्या पाठीमागचे श्वापद फार कमी ठिकाणी, आणि अरुंद बाजूंवरची गुंफण तर सहसा नाहीच. त्या बाजूंकडे पाहिल्याशिवाय पाथरवटाने आखलेली जाळी, नमुना सरकल्याची खूण, किंवा छिन्नीची उमटलेली घाई दिसत नाही. कोणी प्रत्यक्ष तिथे जाणार असेल तर सोबत बॅटरी न्यावी आणि ती समोरून न धरता दगडाच्या कडेला चिकटवून, बाजूने धरावी. सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर रेघा उठून दिसतात, खांद्यावरचे ते दोन गोळेही.